शॉकअप बदलण्याआधी रबर बांधून बघा



दिवाळीच्या सुट्टीत माझा एक जुना विद्यार्थी घरी आला. चौथीपर्यंत माझ्याकडे होता, आता आठवीत आहे. यंदा उन्हाळी टोमॅटोला बाजार मिळाला, म्हणून वडिलांनी त्याला गिअरची, जाड टायरची सायकल घेऊन दिली. आला आणि म्हणाला, "सर, पुढचा शॉकअप बदलायचाय. पुण्याहून मागवावा लागेल. पप्पा तुमचं ऐकतात, तुम्ही सांगा ना."

मी सांगितलं नाही. का, ते इथे लिहितो. कारण जुन्नर-आंबेगावात अशा सायकली आता वाडीवाडीवर दिसतात आणि हा हट्ट उद्या तुमच्याही घरी येणार आहे.

आधी शॉकअपचं काम समजून घेऊ. दुकानदार ज्याला चिमटा म्हणतो, त्याच्या दोन नळ्या आत-बाहेर सरकतात. आत स्प्रिंग असते. खड्डा आला की स्प्रिंग दबते. पण दबलेली स्प्रिंग तितक्याच जोरात परत उसळते. ती उसळी आवरायला आत तेलाची यंत्रणा लागते. स्वस्त शॉकअपमध्ये ती नसते किंवा नावापुरती असते. म्हणून हँडल दाबून सोडलं की ते चेंडूसारखं उडतं. वरचं गोल बटण फिरवलं तरी स्प्रिंगचा कडकपणा बदलत नाही, ती सुरुवातीला किती दाबून ठेवायची एवढंच बदलतं.

मग आम्ही अंगणात एक प्रयोग केला. शॉकअपच्या चकचकीत नळीला खालच्या रबरी सीलला टेकवून एक रबर बांधलं. त्याला हलकेच सायकलवर बसवलं आणि हळूच उतरवलं. रबर किती वर सरकलं ते पट्टीने मोजलं. १०० मिलिमीटर चालीच्या शॉकअपमध्ये नुसतं बसल्यावर साधारण १५ ते २५ मिलिमीटर दबायला हवं. याचं दबलं फक्त ६ मिलिमीटर! मुलाचं वजन ३८ किलो, आणि स्प्रिंग मोठ्या माणसाच्या हिशोबाने घातलेली. म्हणजे अडीच किलोचं लोखंड तो रोज पुढे वाहतोय, पण त्याचा उपयोग फारसा होतच नाही.

तुम्ही म्हणाल, मग बदलायलाच हवा की! त्याचंही म्हणणं तेच होतं, आणि ते अगदीच चूक नाही. हवेवर चालणाऱ्या शॉकअपमध्ये वजनाप्रमाणे हवा कमी-जास्त करता येते, तो हलकाही असतो. पण चांगला घ्यायचा तर किंमत कधी कधी अख्ख्या सायकलएवढी होते. त्यात हवा भरायला वेगळा पंप लागतो. शिवाय तो बसला पाहिजे! वरची नळी सरळ आहे की खाली रुंद होणारी, चाकाचा ॲक्सल ९ मिलिमीटरचा की १५ चा, चाक २६ इंची की २७.५, ब्रेकची बैठक कोणती, हे सगळं जुळावं लागतं. एक चुकलं तरी पैसे अडकले.

ही चूक मी स्वतः केली आहे. डिंभे धरणाच्या वरच्या अंगाला शाळा होती, तेव्हा रस्त्याला कंटाळून मी ८० मिलिमीटरच्या जागी १२० चा स्वस्त शॉकअप बसवून घेतला. पुढची बाजू उचलली गेली. चढाला पुढचं चाक भरकटायला लागलं. ब्रेक मात्र जुनेच ठेवले होते. एका उतारावर ते लागले नाहीत आणि गुडघा फुटला. त्या वेळी दोन ब्रेक शू घेतले असते तर भागलं असतं.

म्हणून त्याच्या सायकलकडे मी त्या नजरेने पाहिलं. ब्रेक झिजलेले. टायर दगडासारखे टणक, कारण दुकानात घट्ट होईपर्यंत हवा भरतात. आणि दिवा नाही. हा मुलगा ओतूरच्या बाजूला वस्तीवर राहतो, क्लास सुटून घरी निघतो तेव्हा अंधार पडलेला असतो, रस्त्याला दोन्हीकडे ऊस. आपल्या भागात बिबट्याची गोष्ट कुणाला सांगावी लागत नाही. अशा रस्त्याने एकट्या पोराला बिनदिव्याचं पाठवायचं आणि पैसे शॉकअपवर घालायचे, हे मला पटत नाही.

माझं मत स्पष्ट आहे. पहिला पैसा ब्रेकला, दुसरा दिव्याला, तिसरा टायरला. हवेचा आकडा टायरच्या कडेवरच छापलेला असतो. हलक्या मुलासाठी त्यातल्या खालच्या आकड्याजवळ हवा ठेवा, बरेचसे धक्के टायरच खातं, तेही फुकटात. शॉकअपचा विचार नळ्या खडखडायला लागल्या, तेल गळायला लागलं, किंवा मूल खरंच दर आठवड्याला डोंगरवाटा चढू लागलं, तर करा. तेव्हाही आधी हिशोब करा, त्याच पैशात जरा बरी सायकल मिळत असेल तर तीच घ्या.

वडिलांशी मी बोललो. ब्रेक बदलले, पुढे-मागे दिवे लागले, आणि क्लासहून तीन मुलं एकत्र यायची असं ठरलं. क्लासची वेळ अलीकडे घ्या, असंही पालकांनी मिळून सांगितलं. पोरगं थोडं हिरमुसलं, खोटं कशाला सांगू! पण रबराचा प्रयोग त्याला आवडला. सुट्टीनंतर माझ्या चौथीच्या वर्गानेही तो केला. मिलिमीटर शिकवायला यापेक्षा चांगलं साधन मला अजून सापडलेलं नाही.

त्याचं रबर अजून नळीला आहे. दर महिन्याला मोजून सांगतो. परवा म्हणाला, "सर, आठ झालं!"