नुसती ‘कार्बन धूळ’ पुरत नाही

खडकी बाजाराजवळच्या एखाद्या गॅरेजात गॅस वेल्डिंगची बत्ती पेटवताना पाहावी. कारागीर आधी ॲसिटिलीन सोडतो. पिवळी, धुरकट ज्योत उठते आणि काजळीचे धागे छपराकडे तरंगत जातात. मग ऑक्सिजनचा कॉक फिरवला की धागे गायब आणि ज्योत निळी. उतारवयातल्या ताऱ्याभोवती कार्बनची धूळ धरते की नाही, हेही असेच या दोन मूलद्रव्यांच्या हिशेबावर ठरते. फक्त तिथे आग नसते. ऑक्सिजन जास्त असला तर बहुतेक सगळा कार्बन कार्बन मोनॉक्साइडमध्ये अडकतो आणि धूळ होते ती सिलिकेटची. कार्बन वरचढ ठरला की उरलेल्याचे ॲसिटिलीन बनते आणि त्यातून काजळी. सिंह राशीतला सीडब्ल्यू लिओनिस या काजळीत इतका बुडाला आहे की दृश्य प्रकाशात तो जेमतेम दिसतो; अवरक्तात मात्र तो आकाशातल्या सर्वांत तेजस्वी ताऱ्यांपैकी एक आहे.

इथवरचे सगळ्यांना पाठ आहे. तक्रार आहे ती पुढची. आमच्याकडे येणाऱ्या लेखांत प्रतिमानातला घटक म्हणून सर्रास ‘कार्बन’ एवढाच शब्द असतो आणि आकडे मात्र ग्रॅफाइटचे वापरलेले असतात. या सवयीला इतिहास आहे. 1962 मध्ये हॉइल आणि विक्रमसिंघे यांनी आंतरतारकीय कण ग्रॅफाइटचे असावेत असे मांडले. पुढे 2175 अँगस्ट्रॉमचा उंचवटा सापडला आणि ग्रॅफाइटचे आसन पक्के झाले. (हॉइल यांचेच विद्यार्थी जयंत नारळीकर यांनी उभारलेली आयुका खडकीला लागूनच, गणेशखिंडीत आहे. तिथल्या रंजन गुप्ता यांनी डी. बी. वैद्य यांच्यासोबत सिलिकेटमध्ये ग्रॅफाइटचे तुकडे रुतलेल्या संमिश्र कणांची गणिते केली. त्यांत घटक, आकार, सच्छिद्रता सगळे उघड मांडलेले असते. आमचा आग्रह तेवढाच आहे.)

कार्बन ताऱ्यांच्या वर्णपटाला मात्र बहुतेकदा अस्फटिकी कार्बनच जुळतो. शिवाय तो तसाच राहत नाही. तारा कवच झटकून आतला तप्त गाभा उघडा पडला, की अतिनील प्रकाश कणांची मोडतोड करतो, 3.3, 6.2, 7.7 मायक्रॉनच्या ॲरोमॅटिक रेषा उजळतात. 2010 मध्ये टीसी 1 या ग्रहीय अभ्रिकेत स्पिट्झर दुर्बिणीच्या निरीक्षणांतून चक्क सी-60 ओळखला गेला. हा रेणू 1985 मध्ये प्रयोगशाळेत हाती लागला, तोही कार्बन ताऱ्यांतल्या लांब साखळ्या समजून घेण्याच्या खटपटीतून.

ग्रॅफाइट अजिबात नसतेच, असेही नाही. 1969 मध्ये ऑस्ट्रेलियात पडलेल्या मर्चिसन उल्केत सूर्याआधीचे गोलसर ग्रॅफाइट कण मिळाले आहेत. काहींच्या पोटात टायटॅनियम कार्बाइडचे स्फटिक आहेत, म्हणजे कार्बाइड आधी गोठले आणि कार्बन त्याभोवती चढला. कोण आधी, कोण नंतर, हे एवढ्या स्पष्टपणे सांगणारा पुरावा वर्णपटातून क्वचितच मिळतो.

फसगत कुठे होते, त्याचे एकच उदाहरण. 11.3 मायक्रॉनजवळचा उंचवटा रुंद असेल तर सिलिकॉन कार्बाइड, अरुंद आणि 3.3, 6.2 यांच्या सोबतीने आला तर ॲरोमॅटिक. कमी विभेदनाच्या वर्णपटात दोन्ही सारखेच दिसतात, पण ते ताऱ्याच्या दोन वेगळ्या अवस्था सांगतात.

तेव्हा यापुढे लेख पाठवताना कार्बन अस्फटिकी, हायड्रोजनयुक्त की ग्रॅफाइटी, प्रकाशीय स्थिरांक कोणत्या नमुन्याचे आणि तो नमुना कोणत्या तापमानाला तयार केलेला, हे तक्त्यात लिहावे. ते नसेल तर लेख परीक्षकांकडे न जाता लेखकाकडे परत येईल.