मार्क्सच्या नावावर खपणारं अर्थशास्त्र

‘मग आळशी कामगाराने दुप्पट वेळ लावून विणलेलं कापड दुप्पट मोलाचं धरायचं का?’ मार्क्सचा विषय निघाला की हा सवाल हमखास येतो आणि त्यावर चर्चा संपते. खरं तर ही शंका मार्क्सने स्वतःच ‘दास कॅपिटल’च्या पहिल्या प्रकरणात घेतली आहे. १८६७ साली हॅम्बुर्गहून निघालेल्या पहिल्या खंडाच्या अगदी सुरुवातीलाच तो सांगतो, की मूल्य एखाद्याच्या घामावरून ठरत नाही. प्रचलित साधनं आणि सरासरी कौशल्य वापरून ती वस्तू बनवायला समाजाला जेवढा वेळ लागतो, तेवढंच तिचं मूल्य.

दाखला इंग्लंडच्या विणकरांचा आहे. यंत्रमाग आले आणि तेवढंच सूत विणायला साधारण निम्मे श्रम पुरू लागले. हातमागवाला पूर्वीइतकाच राबत होता, त्याच्या हातात कसूर नव्हती. तरी त्याच्या तासाभराच्या कामाला आता अर्ध्या तासाचंच मोल उरलं.

मालक लबाडी करून नफा कमावतो, हेही मार्क्सच्या माथी मारलेलं मत. मजुराला त्याच्या श्रमशक्तीची, म्हणजे काम करण्याच्या क्षमतेची, पूर्ण किंमत मिळते असं गृहीत धरून मार्क्स हिशेब मांडतो, आणि तरीही वरकड मूल्य, म्हणजे मजुरीपेक्षा जास्त निर्माण झालेलं मूल्य, मालकाकडेच कसं जातं ते दाखवतो. त्याचा रोख व्यवस्थेवर आहे. हा मुद्दा निसटला, की सारी टीका ‘वाईट शेठजी’च्या गोष्टीवर येऊन थांबते.

‘श्रमाचं सगळं फळ कामगाराला’ ही घोषणा तर त्याने खोडून काढली होती. १८७५ साली जर्मन समाजवाद्यांच्या गोथा कार्यक्रमावर लिहिताना त्याने एकूण उत्पादनातून आधी करायची वजावट सांगितली: झिजलेली यंत्रं, आपत्तीसाठी राखीव निधी, शाळा, आरोग्य, काम न करू शकणारे लोक.

मार्क्स चुकला नाही, असं मुळीच नाही. १८८३ साली तो वारल्यावर त्याचा सहकारी एंगल्सने १८९४ मध्ये तिसरा खंड काढला. त्यातल्या किमतींच्या मांडणीचा पहिल्या खंडातल्या मूल्याशी मेळ बसत नाही, असा आक्षेप ब्योम-बावेर्क या ऑस्ट्रियन अर्थशास्त्रज्ञाने १८९६ मध्ये घेतला. तो वाद आजही मिटलेला नाही. टीका करायची तर तिथे करावी.

ग्रंथ जड वाटला तर कामाच्या दिवसावरच्या प्रकरणापासून सुरुवात करावी. मित्र कुगेलमान यांच्या पत्नीसाठी सोपी प्रकरणं सुचवताना मार्क्सने १८६७ च्या पत्रात तेच नाव सर्वांत आधी घेतलं होतं.