मजुराची दुखापत आणि मालकाचे देणे

शेतकऱ्याच्या हिशोबाच्या वहीत बी, खत, पाणीपट्टी, भाडे व मजुरी या सर्वांची खाती असतात. परंतु आपल्या शेतात राबताना ज्याचा हात तुटला किंवा प्राण गेला, त्याच्या नुकसानीचे खाते क्वचितच आढळते. असा प्रसंग ओढवला म्हणजे मालक दवाखान्याचा खर्च भागवितो, मजुराच्या घरी धान्याचे एखादे पोते पोहोचवितो, आणि आपण माणुसकी दाखविली या समाधानात राहतो. ही माणुसकी खोटी आहे असे आम्ही म्हणत नाही. परंतु जे न्यायाने व कायद्याने देणे लागते ते दान म्हणून देता येत नाही, आणि आपल्या मर्जीप्रमाणे त्यात कमीजास्तही करता येत नाही.

सातारा व सांगली या दोन जिल्ह्यांतील शेती आता केवळ नांगर-कुळवाची राहिलेली नाही. १९१० साली किर्लोस्करवाडीस कारखाना उभा राहिला, आणि लोखंडी नांगर व कडबा कापण्याची यंत्रे आपल्या मुलखात तयार होऊ लागली. आज कुट्टीयंत्र, मळणीयंत्र, विजेचा पंप, ट्रॅक्टर व त्याचा फिरता दांडा यांवाचून बागायतदाराचे पान हालत नाही. वाळवे-कऱ्हाडकडील गुऱ्हाळांत चरकाच्या तोंडी ऊस घालणारा व उकळत्या काहिलीजवळ उभा राहणारा मजूर आहे. तासगाव-मिरजेच्या द्राक्षबागांत औषध मारणारा गडी आहे. हळद शिजविताना वाफेजवळ वावरणाऱ्या स्त्रिया आहेत. कृष्णाकाठी पावसापाण्यात मोटार चालू करावयास जाणारा सालगडी आहे. कारखान्याचे यंत्र शेतात आले, त्याबरोबर कारखान्यातील अपघातही शेतात आला. मात्र कारखान्यातील कामगारास जे संरक्षण मिळते, त्याची जाणीव आपल्या बांधापाशी येऊन थबकली.

या संरक्षणाचा इतिहास थोडक्यात सांगणे जरूर आहे. इंग्लंडात १८९७ साली कामगार नुकसानभरपाईचा कायदा झाला व १९०० साली तो शेतमजुरांस लागू करण्यात आला. आपल्याकडे असा कायदा १९२३ साली मंजूर होऊन १ जुलै १९२४ पासून अंमलात आला. पण त्याचा रोख प्रथमतः कारखाने, खाणी, रेल्वे व गोद्यांतील कामगारांकडे होता. पुढे वेळोवेळी दुरुस्त्या होऊन जमिनीची मशागत करणारे, जनावरे सांभाळणारे, पिकांवर विषारी औषधे फवारणारे, यंत्राने कापणी-मळणी करणारे, विहिरी खोदणारे व पंप बसविणारे यांचा समावेश त्याच्या यादीत झाला. नैमित्तिक मजुरास वगळणारे शब्द २००० साली काढून टाकण्यात आले. त्यामुळे ‘तो एका दिवसापुरताच आला होता’ ही सबब उरली नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून १९२३ च्या कायद्याची जागा सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० हिने घेतली असून, नुकसानभरपाईचे मूळ तत्त्व तिने कायम ठेविले आहे. घराहून कामावर जाता-येता घडलेल्या अपघाताचाही, त्याचा कामाशी संबंध असल्यास, तिने विचार केला आहे. ट्रॉलीतून किंवा टेंपोतून मजूर आणणाऱ्या बागायतदाराने हे विसरू नये.

देण्याचा हिशोब कसा होतो, हे आकड्यांनी दाखविणे बरे. कामावर मृत्यू आल्यास मासिक वेतनाच्या निम्मी रक्कम घेऊन तिला मजुराच्या वयाप्रमाणे ठरविलेल्या गुणकाने गुणतात. मजुराचे वय ३० व मासिक वेतन १२,००० रुपये धरले, तर ६,००० गुणिले २०७.९८ म्हणजे १२,४७,८८० रुपये त्याच्या आश्रितांस द्यावे लागतात. कायमचे पूर्ण अपंगत्व आल्यास निम्म्याऐवजी शेकडा ६० धरतात. अंशतः अपंगत्वास कायद्याने टक्केवारी लावून दिली आहे. हाताचा अंगठा गेल्यास ती ३० आहे. म्हणजे दरमहा १०,००० रुपये मिळविणाऱ्या ४० वर्षांच्या मजुराचा अंगठा कुट्टीयंत्रात गेला, तर ६,००० गुणिले १८४.१७ म्हणजे ११,०५,०२० रुपयांवर शेकडा ३० प्रमाणे ३,३१,५०६ रुपये होतात. तात्पुरत्या असमर्थतेत दर पंधरवड्यास मासिक वेतनाच्या चतुर्थांशाइतकी रक्कम मिळते, आणि औषधोपचाराचा खर्च निराळा. मृत्यूच्या प्रकरणात ही रक्कम परस्पर घरच्यांच्या हाती न देता नेमलेल्या अधिकाऱ्याकडे जमा करावी लागते. ‘माझी काही तक्रार नाही’ असे मजुराकडून लिहून घेतले, तरी अशा लेखाने त्याचा हक्क बुडत नाही. तो हक्क त्यास समजेल अशा भाषेत कळविणे हेही मालकाचेच कर्तव्य ठरविलेले आहे.

आता आमचे जमीनदार बंधू जे आक्षेप घेतात त्यांचा विचार करू. पहिला आक्षेप असा की, चूक मजुराची होती. या कायद्याचे मर्मच असे की, चूक कोणाची याचा शोध घेत बसण्याचे कारण नाही. काम आपले होते व ते करताना इजा झाली, एवढे पुरे. मजूर दारूच्या अंमलाखाली असला किंवा बचावाची सोय त्याने जाणूनबुजून काढून टाकली, तर मालकास सबब मिळते. पण मृत्यू किंवा कायमचे पूर्ण अपंगत्व आल्यास तीही चालत नाही. यंत्रावरील झाकण ‘काम अडते’ म्हणून बहुधा मालकाच्याच डोळ्यांदेखत काढलेले असते, हे ज्याने त्याने मनाशी पडताळून पाहावे.

दुसरा आक्षेप असा की, सावडीने व इर्जिकीने चालणाऱ्या शेतीत कायद्यास जागा नाही. आम्ही आमच्या माणसास वाऱ्यावर सोडीत नाही. सावडीत दोघेही जमीनधारक असत व श्रमाची परतफेड श्रमाने होई. रोजंदारीवर आलेल्या भूमिहीनाशी आपले नाते तसे नाही. शिवाय आपण स्वतःसाठी काय मागितले तेही पाहावे. २०२३ पासून चालू असलेल्या गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत खातेदार शेतकऱ्याचा अथवा त्याच्या कुटुंबातील एका व्यक्तीचा अपघाती मृत्यू झाल्यास सरकार दोन लाख रुपये देते. ही मदत योग्यच होय. परंतु त्याच शेतात, त्याच यंत्राशी उभ्या असलेल्या मजुराचे नाव सातबाऱ्यावर नाही म्हणून तो तिच्यापासून वंचित राहतो. ज्याच्या नावे जमीन आहे त्याचा हात आणि ज्याच्या नावे नाही त्याचा हात, यांत यंत्र भेद करीत नाही. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी व मजूर दगावले. विषानेही तो भेद केला नाही.

तिसरा प्रश्न उसाच्या तोडणीचा. दरसाल बीड, अहिल्यानगर या भागांतून, तसेच आपल्याच जत-आटपाडीकडून टोळ्या कृष्णा-वारणेच्या काठी येतात. उचल मुकादमाने दिलेली, तोडीचा हुकूम कारखान्याचा, वाहन तिसऱ्याचे आणि ऊस शेतकऱ्याचा. पहाटेच्या अंधारात एखादा जोडीदार ट्रॉलीखाली सापडला किंवा कोयता पायावर बसला, म्हणजे हे चौघेही एकमेकांकडे बोट दाखवितात. कंत्राटदारामार्फत आपल्या धंद्याचे काम करून घेणारा मूळ मालक प्रथम देणेदार ठरतो, व दिलेली रक्कम त्याने मागाहून कंत्राटदाराकडून वसूल करावी, असे कायद्याचे सर्वसाधारण धोरण आहे. या दोन जिल्ह्यांतील कारखाने बहुतांशी सहकारी आहेत, म्हणजे त्यांचे सभासद आपणच. तेव्हा हंगामापूर्वीच्या करारात अपघाताची जबाबदारी कोणाची व विमा कोणी उतरावयाचा, हे स्पष्ट लिहिले पाहिजे, असा आग्रह वार्षिक सभेत धरणे आपल्याच हाती आहे. उसाच्या दरासाठी जो आवाज उठतो, त्याचा काही अंश यासाठीही उठावा.

चौथा आक्षेप मात्र खरोखर वजनदार आहे. दोन एकरांचा धनी बारा लाख रुपये कोठून आणणार? एका अपघाताने मजुराचे घर उघडे पडते, आणि भरपाई द्यावी लागली तर मालकाचेही घर बसते, ही भीती निराधार नव्हे. परंतु याचे उत्तर देणे नाकारणे हे नव्हे. ते वाटून घेणे हे होय. जो भार एकट्यास मोडतो तो शंभरांत वाटला असता जाणवतही नाही, हे तत्त्व सहकाराच्या बळावर उभ्या राहिलेल्या या प्रांतास नव्याने शिकवावयास नको. नुकसानभरपाईच्या जबाबदारीचा विमा विमा कंपन्या उतरवितात. गावच्या सोसायटीने आपल्या सभासदांसाठी असा विमा एकत्र घ्यावा व त्याचा हप्ता पीककर्जाच्या वेळी एकरी वर्गणीने जमा करावा. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेत वर्षास २० रुपयांत दोन लाखांचा अपघाती विमा मिळतो. १८ ते ७० वर्षे वयाच्या आपल्या नेहमीच्या मजुरांची नावे त्यात घालणेही इष्टच. मात्र तो मजुराचा स्वतःचा आधार होय. त्याने मालकाचे देणे फिटत नाही, हा भेद ध्यानात ठेवावा.

तूर्त प्रत्येक वाचकाने तीन गोष्टी आपल्या घरापासून सुरू कराव्या. कामावर आलेल्या प्रत्येक मजुराचे नाव, वय व दिलेली मजुरी वहीत टिपून ठेवावी. ती नोंद वादाच्या वेळी उभयतांस उपयोगी पडते. यंत्राचे झाकण, विजेची भूजोड तार व फवारणीचा मुखवटा यांवर खर्च करण्यास कचरू नये. बोटापेक्षा पत्रा स्वस्त आहे. आणि दुर्दैवाने अपघात झालाच, तर तो लपवू नये. वेळेवर कळवावा आणि मजुरास त्याचा हक्क आपण होऊन सांगावा. विलंब झाल्यास व्याजाचा व दंडाचा बोजा वाढतो तो निराळाच.

आपल्या संस्थेने येत्या सर्वसाधारण सभेपुढे सामाईक विम्याचा ठराव आणावा, अशी आमची आग्रहाची सूचना आहे. आपल्या मालास रास्त भाव मिळावा म्हणून आपण सरकारशी व व्यापाऱ्यांशी भांडतो, ते न्यायाच्या नावाने. तोच न्याय आपल्या बांधाच्या आत लागू करावयाची वेळ आली असता आपण मागे सरलो, तर आपल्या मागणीतील बळच नाहीसे होईल. मजुराच्या अंगठ्याचेही मोल असते, आणि ते चुकते केल्याखेरीज पिकाचा हिशोब पुरा होत नाही.