सूत्र आणि सूत्रधार

महामार्गांचा पैसा राज्यांना कायद्यातील सूत्राने वाटायचा, ही अमेरिकेची शतकभराची शिस्त. ते सूत्र गोठवून ठेवण्याचा मोह आणि ते डावलण्याची हौस, हे दोन्ही संघराज्याला सारखेच घातक.

दरवर्षी उन्हाळा सरताना अमेरिकेतील राज्यांच्या महामार्ग खात्यांकडे वॉशिंग्टनहून एक विचारणा जाते. तुमच्या वाट्याची खर्चमर्यादा ३० सप्टेंबरपूर्वी वापरून होणार का, आणि जास्तीची मिळाली तर उरलेल्या दिवसांत किती कामे मार्गी लावाल? तेथील आर्थिक वर्ष सप्टेंबरअखेर संपते. आपल्याकडे मार्चअखेरीस सरकारी कार्यालयांत दिवे रात्री उशिरापर्यंत का जळतात हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांना या विचारणेतली निकड वेगळी सांगायला नको. ज्यांना वापरता आली नाही त्यांच्याकडची मर्यादा काढून ज्यांची कामे तयार आहेत त्यांना देण्याच्या या उपक्रमाला तिकडे ‘ऑगस्टचे फेरवाटप’ म्हणतात. २०२४ मध्ये त्यात ८.७ अब्ज डॉलर आले. त्या वर्षीची एकूण मर्यादा होती साधारण ६० अब्ज डॉलर. म्हणजे दर सात डॉलरमागे एक डॉलर जवळपास अकरा महिने भलत्याच ठिकाणी अडकून होता. इतक्या मोठ्या रकमेची वर्षअखेर अशी हलवाहलव करावी लागत असेल, तर मूळ वाटपातच काही खोट आहे असे मानायला हवे.

ती खोट समजण्यासाठी आधी ही ‘मर्यादा’ काय ते पाहावे लागेल. अमेरिकी काँग्रेस महामार्गांसाठी साधारण पाच-सहा वर्षांचा एकत्रित कायदा करते. कोणत्या वर्षी कोणत्या राज्याचा वाटा किती, हे त्यावरून ठरते. राज्यांनी त्या भरवशावर कंत्राटे द्यावीत, पदरचे पैसे घालून कामे करावीत आणि मग केंद्राकडून परतावा घ्यावा, अशी ही व्यवस्था. परतावा सर्वसाधारणपणे ८० टक्के, तर आंतरराज्य महामार्गांवर ९० टक्के. पण एका हाताने हा अधिकार देणारी काँग्रेस दुसऱ्या हाताने दरवर्षीच्या खर्चविषयक कायद्यात एक आकडा घालते. यंदा सर्व राज्यांनी मिळून एवढ्याच रकमेच्या कामांना केंद्राला बांधून घ्यावे, त्यापुढे नाही. बँकेच्या खात्यात भरपूर शिल्लक असावी, पण एटीएममधून दिवसाला ठरावीकच रक्कम निघावी, तसा हा प्रकार.

आता ही मर्यादा राज्यांत वाटायची कशी? याचे उत्तर वाचायला रूक्ष आहे, पण संघराज्याच्या दृष्टीने महत्त्वाचे. आधी प्रशासकीय खर्च आणि थेट वॉशिंग्टनमधून वाटल्या जाणाऱ्या योजनांची रक्कम बाजूला काढली जाते. उरलेली मर्यादा आणि उरलेला अधिकार यांचे गुणोत्तर काढतात आणि प्रत्येक राज्याला त्याच्या वाट्याच्या प्रमाणात मर्यादा मिळते. आपत्कालीन दुरुस्तीचे वर्षाला १० कोटी डॉलर आणि राष्ट्रीय महामार्ग कार्यक्रमातील ६३ कोटी ९० लाख डॉलर तेवढे या चौकटीबाहेर. राज्यपाल कोणत्या पक्षाचा, गेल्या निवडणुकीत मते कोणाला पडली, हे या गणितात कोठेही येत नाही.

ही शिस्त आपोआप आलेली नाही. केंद्रातील सत्ताधाऱ्यांना महामार्गांचा पैसा हाती राखायला नेहमीच आवडत आले आहे. रिचर्ड निक्सन अध्यक्ष असताना महागाई रोखण्याच्या नावाखाली राज्यांचा मंजूर पैसा अडवून धरला गेला. मिसुरी राज्याचा महामार्ग आयोग न्यायालयात गेला आणि १९७३ मध्ये संघीय अपील न्यायालयाने निकाल दिला की काँग्रेसने वाटून दिलेला पैसा असा रोखण्याचा अधिकार मंत्र्यांना नाही. पुढच्याच वर्षी काँग्रेसने अध्यक्षांच्या अशा अडवणुकीला वेसण घालणारा कायदा केला. खर्चाला आवर हवा असेल तर तो काँग्रेस घालेल आणि त्याचा भार सगळ्या राज्यांवर प्रमाणात पडेल, हे तत्त्व तेथून रुजले. वार्षिक मर्यादेचा जाच राज्यांना आजही होतो. पण तो सर्वांना सारखा होतो, हेच तिचे बळ.

येथपर्यंत कौतुक. पण मर्यादा ज्या वाट्याच्या प्रमाणात मिळते तो वाटा मुळात कसा ठरतो, हे पाहू गेले की कौतुक ओसरू लागते. १९१६ च्या पहिल्या संघीय रस्ते कायद्याने पाच वर्षांसाठी साडेसात कोटी डॉलर दिले, तेव्हाचे सूत्र कोणालाही समजेल असे होते. एक तृतीयांश क्षेत्रफळावर, एक तृतीयांश लोकसंख्येवर आणि एक तृतीयांश टपाल वाहून नेणाऱ्या ग्रामीण रस्त्यांच्या लांबीवर. टपालाचा निकष शेतकरी भागांच्या सोयीचा होता, हे उघडच. प्रत्येक निकषामागे कोणाचा तरी मतदारसंघ असतो. पण निकष तोंडावर मांडलेला असला की त्यावर भांडता येते. पुढे निकष वाढत गेले. आंतरराज्य महामार्गांची लांबी, त्यांवरील वाहतूक, डिझेलचा खप, पुलांची अवस्था. दर कायद्यागणिक भांडण व्हायचे आणि दर वेळी त्यातून नवी तडजोड निघायची.

२०१२ मध्ये काँग्रेसला या भांडणाचा कंटाळा आला. निकषांची फेरमांडणी करण्याऐवजी राज्याला आधी जेवढा टक्का मिळत होता तोच पुढे चालू ठेवण्यात आला. २०१५ च्या कायद्याने तेच केले. जो बायडेन यांनी नोव्हेंबर २०२१ मध्ये स्वाक्षरी केलेल्या भव्य पायाभूत सुविधा कायद्यानेही महामार्गांसाठी पाच वर्षांत सुमारे ३५० अब्ज डॉलर दिले, मात्र मुख्य वाट्यांना आधार २०२१ चाच घेतला. म्हणजे आजचा वाटा कालच्या वाट्यावर आणि कालचा परवाच्या वाट्यावर. २०१० ते २०२० या दशकात टेक्ससची लोकसंख्या अडीच कोटींवरून दोन कोटी ९१ लाखांवर गेली, तर वेस्ट व्हर्जिनियाची साडेअठरा लाखांवरून अठरा लाखांच्या खाली आली. मुख्य वाट्याच्या सूत्राने याची दखलच घेतली नाही. मग डॅलस-ह्यूस्टनकडच्या रस्त्यांवर रोज भर घालणाऱ्या लाखो वाहनांनी दाद मागायची कोणाकडे?

तक्रार होऊ नये म्हणून एक हमी मात्र दिलेली आहे. राज्यातून इंधनकराचा जेवढा पैसा महामार्ग निधीत जाईल त्यातल्या डॉलरमागे किमान ९५ सेंट त्या राज्याला परत मिळतील. ‘देणारी राज्ये’ विरुद्ध ‘घेणारी राज्ये’ या जुन्या वादावरचा हा उतारा. आज त्याचा उपयोग जवळपास शून्य. केंद्राचा पेट्रोलवरील कर १९९३ पासून गॅलनला १८.४ सेंटवर थिजला आहे. तो वाढवण्याची हिंमत ना रिपब्लिकनांनी दाखवली ना डेमोक्रॅट्सनी. १९५६ मध्ये आयसेनहॉवर यांच्या काळात स्थापन झालेला महामार्ग निधी स्वतःच्या पायावर उभा राहावा अशी कल्पना होती. २००८ पासून त्यात सर्वसाधारण तिजोरीतून पैसा ओतावा लागतो. त्यामुळे बहुतेक सगळीच राज्ये भरतात त्याहून जास्त घेतात. इंधन जाळणाऱ्याने रस्त्याचे पैसे भरावेत, हे तत्त्व मागे पडले. त्या तत्त्वावर आधारलेली हमी तेवढी कायद्यात उरली.

गोठलेल्या वाट्यांना त्याच २०२१ च्या कायद्यात उत्तरही आहे. पुलांसाठीचे साडेसत्तावीस अब्ज डॉलर वेगळ्या सूत्राने वाटायचे ठरले. ७५ टक्के भार राज्यातील खराब पूल नव्याने बांधण्याच्या खर्चावर आणि २५ टक्के बऱ्या अवस्थेतील पूल सुधारण्याच्या खर्चावर. कोणत्याही राज्याला वर्षाला साडेचार कोटी डॉलरहून कमी नाही. हे सूत्र निर्दोष नाही. ज्याने पुलांची निगा राखली त्याला कमी आणि ज्याने हेळसांड केली त्याला जास्त, असा त्याचा उलटा अर्थ निघू शकतो. पण ते गरज मोजते. मोजमाप चुकले तर सुधारता तरी येते. कालच्या टक्क्यांची आज नक्कल करणाऱ्या सूत्रात चूक शोधायला जागाच नाही, कारण त्यात मोजमापच नाही.

दुसरी खोट याहून गंभीर. २०२१ च्या कायद्याने सूत्राबाहेरचा, म्हणजे अर्ज मागवून वॉशिंग्टनमध्ये निवड करायच्या योजनांचा पैसा भरमसाट वाढवला. त्यांच्यासाठी मर्यादेतला हिस्सा आधीच राखून ठेवावा लागतो. अर्ज, छाननी, घोषणा आणि करारनामे यांत महिने जातात आणि हिस्सा वापरला जात नाही. ऑगस्टमधल्या फेरवाटपाचा आकडा फुगला तो प्रामुख्याने यामुळे. त्या शेवटच्या फेरीत लाभ होतो तो ज्यांच्या कपाटात निविदेला तयार आराखडे आहेत अशा राज्यांचा. तत्परतेला बक्षीस म्हणून ते योग्यच. पण अनुभवी अभियंत्यांची फौज न परवडणारे राज्य या शर्यतीत मागे पडणार, हेही तितकेच खरे.

विलंबाचे एक वेळ चालवून घेता येईल. मर्जीचे काय? जानेवारी २०२५ मध्ये परिवहनमंत्री शॉन डफी यांनी पदभार घेताच आदेश काढला की निधी देताना विवाह आणि जन्मदर राष्ट्रीय सरासरीपेक्षा जास्त असलेल्या भागांना प्राधान्य द्यावे. पाळण्यांच्या संख्येचा पुलाच्या आयुष्याशी काय संबंध, हे मंत्रिमहोदयच जाणोत. पाठोपाठ विजेवरील वाहनांच्या चार्जिंग केंद्रांसाठीचा पाच अब्ज डॉलरचा कार्यक्रम थांबवण्यात आला. तो तर सूत्रानेच वाटलेला पैसा. राज्ये न्यायालयात गेली आणि जूनमध्ये सिएटलच्या संघीय न्यायाधीशांनी १४ राज्यांचा निधी मोकळा करण्याचा आदेश दिला. स्थलांतरितांवरील कारवाईत सहकार्य नाही तर परिवहनाचा पैसा नाही, ही अटही न्यायालयात अडली. निक्सन यांच्या काळातला धडा अर्धशतकानंतर पुन्हा गिरवावा लागला.

अर्थात अटी घालणे काही नवे नाही. मद्यपानाचे किमान वय २१ न करणाऱ्या राज्यांचा महामार्ग निधी कापण्याची तरतूद १९८४ मध्ये झाली आणि १९८७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती उचलून धरली. फरक असा की ती अट काँग्रेसने कायद्यात लिहिली होती, सर्व राज्यांना सारखीच होती आणि रस्त्यावरील अपघातांशी तिचा संबंध होता. मंत्र्याच्या सहीने रातोरात उगवणाऱ्या अटींना यातला एकही गुण चिकटत नाही.

२०२१ च्या कायद्याची मुदत ३० सप्टेंबर २०२६ ही आहे. त्याची जागा घेणाऱ्या कायद्याने मुख्य वाट्याचे सूत्र लोकसंख्या, वाहतूक आणि रस्त्या-पुलांची अवस्था यांवर नव्याने उभे करावे. दर जनगणनेनंतर त्याचा फेरविचार बंधनकारक करावा. आणि वॉशिंग्टनच्या हाती ठेवलेला हिस्सा आवळून तो सूत्रात घालावा. टक्का घटणाऱ्या राज्यांचे सिनेटर याला विरोध करतील. त्यांना पाच-सहा वर्षांत टप्प्याटप्प्याने सामावून घेता येईल. कालचा टक्का कायम ठेवणे म्हणजे तडजोड नव्हे, ती निर्णयाची टाळाटाळ.

हे सारे आपण का वाचावे? कारण या विषयात आपण अमेरिकेच्या मागे नव्हतो. १९२७ मध्ये मुकुंदराव जयकर यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या रस्ते विकास समितीने पेट्रोलवर जादा कर बसवून तो रस्त्यांसाठी वेगळा ठेवावा अशी शिफारस केली. १९२९ मध्ये तसा निधी उभा राहिला आणि पेट्रोलच्या खपानुसार प्रांतांना त्यातून वाटा मिळू लागला. अमेरिकेत केंद्राने पेट्रोलवर कर बसवला तो त्यानंतर तीन वर्षांनी. १९५६ मध्ये दोन्ही देशांनी महामार्गांचे कायदे केले, पण वाटा वेगळ्या झाल्या. तिकडे आंतरराज्य महामार्गही राज्यांच्या मालकीचे राहिले. आपल्याकडे राष्ट्रीय महामार्ग केंद्राचे झाले आणि कोणता रस्ता राष्ट्रीय महामार्ग होणार हे दिल्ली ठरवू लागली. परिणामी महामार्गांवरचा बहुतांश केंद्रीय खर्च सूत्राने नव्हे, घोषणांनी वाटला जातो.

उरला तो जयकरांच्या कल्पनेचा वारस, केंद्रीय रस्ते निधी. २००० च्या कायद्याने त्याला वैधानिक रूप मिळाले. राज्यांचे रस्ते त्यातून करताना क्षेत्रफळ आणि इंधनाचा खप हे दोन निकष लावले जातात. आकाराने तिसऱ्या क्रमांकाच्या आणि वाहनांनी गजबजलेल्या महाराष्ट्राला यात तक्रारीला फारशी जागा नाही. पण पर्यटकांच्या गाड्यांनी भरून वाहणाऱ्या ३,७०२ चौरस किलोमीटरच्या गोव्याला क्षेत्रफळाचा निकष काय देणार? आणि दर पावसाळ्यात दरड कोसळणाऱ्या घाटरस्त्याची गरज कोणत्या निकषात बसते? २०१८ मध्ये या निधीच्या नावात ‘पायाभूत सुविधा’ शिरल्या आणि रस्त्यांसाठी घेतलेल्या उपकरात रेल्वे-जलमार्गही वाटेकरी झाले. उपकर असल्याने तो वित्त आयोगाच्या विभाज्य निधीतही येत नाही. गाडीची टाकी भरणाऱ्या प्रत्येकाकडून रस्त्याच्या नावाने पैसा घ्यायचा आणि तो कोठे जाईल हे मात्र दिल्लीने ठरवायचे, हा व्यवहार संघराज्याला शोभणारा नाही.

अमेरिकेतील राज्ये निदान मंत्र्याला न्यायालयात खेचू शकतात, कारण त्यांच्या हातात कायद्यातला आकडा असतो. आपल्या राज्यांच्या हातात निवेदन असते. महामार्गांवरील केंद्राच्या वार्षिक खर्चाचा निश्चित हिस्सा राज्यांना जाहीर निकषांनी मिळावा आणि ते निकष संसदेने कायद्यात लिहावेत, अशी मागणी महाराष्ट्राच्या खासदारांनी पक्षभेद विसरून करायला हवी. एखाद्या बाह्यवळण रस्त्याच्या मंजुरीसाठी मंत्र्यांचे आभार मानण्यापेक्षा त्यात राज्याचे हित अधिक आहे.