मनातील पाप मोजणारा तराजू

अमेरिकेतील वर्णद्वेष हे वास्तव आहे. गुलामगिरी आणि झुंडबळींचा तो इतिहास कोणी नाकारू शकत नाही. परंतु त्या पापाचे मोजमाप करण्यासाठी जो तराजू जगापुढे मांडला गेला, त्याची दांडी तरी सरळ आहे काय?

१९९८ साली वॉशिंग्टन विद्यापीठातील अँथनी ग्रीनवाल्ड आणि सहकाऱ्यांनी एक चाचणी प्रसिद्ध केली. संगणकाच्या पडद्यावर गोरे व काळे चेहरे, चांगले व वाईट शब्द झरझर येतात. परीक्षार्थीने दोनपैकी एक कळ दाबायची. गोरा चेहरा आणि चांगला शब्द यांना एकच कळ असताना बोटे चटकन चालली, पण काळा चेहरा आणि चांगला शब्द एकत्र येताच ती क्षणांश अडखळली, की निदान तयार : मनात सुप्त वर्णद्वेष आहे! तो माणूस स्वतः काय सांगतो, आयुष्यभर कसा वागला, याची मग मातब्बरी उरत नाही. सिकंदराबादेत जन्मलेल्या आणि पुढे हार्वर्डमध्ये प्राध्यापक झालेल्या महजरीन बानाजी, तसेच ब्रायन नोसेक यांनी ग्रीनवाल्ड यांच्यासमवेत ही चाचणी इंटरनेटवर सर्वांना खुली केली. लक्षावधी लोकांनी ती दिली.

शास्त्राचा पहिला नियम पडताळ्याचा. त्या पडताळ्यात काय आढळले? एकाच व्यक्तीच्या दोन वेळच्या गुणांतील सहसंबंध जेमतेम ०.५ भरतो. २०१३ मध्ये ओसवाल्ड, टेटलॉक आदींनी उपलब्ध अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण केले, तेव्हा कोण भेदभाव करील हे सांगण्यात ही चाचणी साध्या सरळ प्रश्नावलीहून सरस ठरली नाही. २०१९ मध्ये ४९२ अभ्यासांच्या छाननीत दिसले की, चाचणीतील गुण बदलले म्हणून वर्तन बदलत नाही. खुद्द निर्मात्यांनीही २०१५ मध्ये मान्य केले, की यावरून व्यक्तीविशेषाचे निदान करणे धोक्याचे आहे. त्याच वर्षी नोसेक यांच्याच पुढाकाराने मानसशास्त्रातील १०० प्रयोग पुन्हा करण्यात आले. मूळ निष्कर्षाला पुष्टी मिळाली ती अवघ्या ३६ टक्क्यांच्या आसपास. आपल्याच शास्त्राची अशी झडती घेणाऱ्या संशोधकाचा गौरवच केला पाहिजे.

परंतु बाजाराला झडतीशी काय कर्तव्य? एप्रिल २०१८ मध्ये फिलाडेल्फियातील स्टारबक्सच्या दुकानातून दोन निरपराध कृष्णवर्णीयांना पोलिसांनी बेड्या घालून नेले. कंपनीने मे महिन्यात आठ हजारांवर दुकाने एक दुपार बंद ठेवून कर्मचाऱ्यांना पूर्वग्रहांचे धडे दिले. दुपारभराच्या प्रवचनाने पूर्वग्रह धुऊन निघतात, असे कोणत्या प्रयोगाने सिद्ध केले होते? त्या दोघांवर अन्याय झाला तो कोणाच्या मनाच्या तळाशी नव्हे, दुकानाच्या दारात. उपायही दारातच हवा : स्पष्ट नियम आणि तो मोडणाऱ्यास शासन.

हीच चाल आता हिंदू समाजावर खेळली जात आहे. अमेरिकेतील जातिभेदाविषयी इक्वालिटी लॅब्सचा २०१८ चा अहवाल सर्वत्र प्रमाण मानला गेला. २०२१ मध्ये कार्नेगी संस्थेने त्याचा नमुना प्रातिनिधिक नसल्याचे दाखवून दिले. तिच्या स्वतःच्या १,२०० जणांच्या पाहणीत जातीय भेदभाव अनुभवल्याचे सांगणारे पाच टक्के होते. तरीही फेब्रुवारी २०२३ मध्ये सिअॅटलने जातीविषयी स्वतंत्र तरतूद केलीच. कॅलिफोर्नियाचे तसेच विधेयक मात्र त्याच वर्षी गव्हर्नर न्यूसम यांनी, प्रचलित कायदे पुरेसे आहेत असे सांगून, परत पाठवले.

म्हणून हिंदू समाजाने हात झटकावेत काय? मुळीच नाही. पाच टक्के हीदेखील लाजिरवाणी गोष्ट आहे. १९७४ मध्ये पुण्याच्या वसंत व्याख्यानमालेत बाळासाहेब देवरस यांनी अस्पृश्यतेचा निःसंदिग्ध धिक्कार केला, तेव्हा कोणाच्या अंतर्मनाची यंत्राने चाचणी घेतली नव्हती. विहिरीवर, मंदिरात, पंगतीत आणि स्मशानात कोण कसा वागतो, हीच कसोटी होती आणि आहे. मन ओळखण्याचा दावा करणारे यंत्र जन्मावरून गुन्हेगार ठरवते. आचरणाची कसोटी मात्र प्रत्येकाला सुधारण्याची संधी देते. समरसतेचा मार्ग या दुसऱ्या कसोटीतून जातो.