तोलाईदार आधी येतो, शेवटी जातो

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीचे सौदे सुरू असताना कधी काट्यापाशी उभे राहून पाहावे. माल शेतकऱ्याचा, दुकान अडत्याचे, बोली व्यापाऱ्याची. पण पोत्याचे वजन या तिघांपैकी कोणीच करत नाही. ते काम तोलाईदाराचे. पहिले पोते काट्यावर चढण्याआधी तो तिथे हजर असतो आणि शेवटच्या पोत्याचा आकडा लिहून झाल्याशिवाय जागचा हलत नाही. हमाली आणि तोलाई पट्टीत वेगळी मांडलेली असते, कारण त्याचे काम वेगळे आहे आणि त्याला पैसे पडतात, हे सगळ्यांना मान्य आहे.

कुबरनेटिसच्या पॉडमध्ये मुख्य अॅप्लिकेशनशेजारी आपण जो मदतनीस कंटेनर बसवतो, त्या साइडकारचे काम याच जातीचे. लॉग गोळा करून पाठवणे, डेटाबेसकडे जाणारी जोडणी सांभाळणे, प्रमाणपत्रांचे नूतनीकरण करणे ही कामे अॅप्लिकेशनच्या कोडमध्ये न कोंबता शेजारच्या कंटेनरवर सोपवायची. दोघांचा नेटवर्क पत्ता एक, त्यामुळे एकमेकांशी लोकलहोस्टवर बोलता येते. हवे तर दोघांत एक सामायिक व्हॉल्यूमही ठेवता येतो. मदतनीसाची प्रतिमा बदलायची तर अॅप्लिकेशन पुन्हा बांधावे लागत नाही. जावात लिहिलेले जुने अॅप्लिकेशन असो की पायथनमधले नवे, मदतनीस तोच चालतो.

अडचण एवढीच होती की कुबरनेटिसला दुकानदार कोण आणि तोलाईदार कोण हे कळत नव्हते. पॉडमधले सगळे कंटेनर त्याच्या लेखी सारखेच.

त्याचा फटका मी स्वतः खाल्ला आहे. एका दूध संस्थेचे रात्रीचे काम आमच्याकडे होते. रात्री दीड वाजता क्रॉनजॉब सुरू व्हायचा, संकलन केंद्रांवरच्या लिटर, फॅट आणि एसएनएफच्या नोंदी उचलायचा आणि उत्पादकांच्या खात्यावर मांडायचा. डेटाबेसची जोडणी शेजारच्या प्रॉक्सी कंटेनरमधून जात असे. एका सकाळी केंद्राच्या सचिवांचा फोन आला : ‘साहेब, बिलात दोन दिवसांचं दूधच नाही.’ लॉग उघडले तर त्रुटीची एकही ओळ नाही. मुख्य कंटेनर शून्य कोड देऊन व्यवस्थित संपलेला. पण पॉडच्या यादीत त्या ओळीवर १/२ असा आकडा आणि पुढे ‘नॉटरेडी’. काम संपले होते, मात्र प्रॉक्सीला ते कोणी सांगितलेच नव्हते; तो दोन दिवस रिकाम्या काट्यापाशी उभा होता. प्रॉक्सी चालू म्हणून पॉड चालू, पॉड चालू म्हणून जॉब चालू. एकावेळी एकच फेरी चालावी म्हणून आम्हीच क्रॉनजॉबवर ‘फॉरबिड’ लावलेले. त्यामुळे पुढच्या दोन रात्रींच्या फेऱ्या सुरूच झाल्या नाहीत.

तेव्हा आम्ही केलेला उपाय आज सांगायला संकोच वाटतो. सामायिक व्हॉल्यूममध्ये मुख्य कंटेनरने शेवटी एक रिकामी फाइल तयार करायची, प्रॉक्सीभोवतीच्या स्क्रिप्टने दर पाच सेकंदांनी ती शोधायची आणि सापडली की स्वतःला बंद करायचे. महिनाभर चालले. मग एके रात्री मुख्य कंटेनर मध्येच कोसळला, फाइल तयारच झाली नाही, आणि पुन्हा तेच १/२. असली ठिगळे मी कितीतरी मॅनिफेस्टमध्ये पाहिली आहेत : कुठे पोस्टस्टार्टमध्ये वाट पाहणारे लूप, कुठे प्रीस्टॉपमध्ये स्लीप, कुठे काम संपल्यावर प्रॉक्सीला ‘आता जा’ सांगणारी विनंती. लिहिणारा नोकरी बदलून पुण्याला गेला की त्या ओळी का आहेत हे सांगणारे कोणी उरत नाही.

आता या ठिगळांची गरज उरलेली नाही, आणि हा अंक त्यासाठीच आहे. मदतनीस कंटेनरची कल्पना कुबरनेटिसइतकीच जुनी. १.० आवृत्ती आली त्याच वर्षी, २०१५मध्ये, प्रकल्पाच्या स्वतःच्या लेखनात साइडकार, अॅम्बॅसडर आणि अॅडॅप्टर हे तीन नमुने मांडले गेले. पुढच्या वर्षी ब्रेंडन बर्न्स आणि डेव्हिड ओपनहायमर यांनी त्यावर शोधनिबंध लिहिला. मात्र साइडकारला स्वतःची ओळख मिळायला आठ वर्षे लागली. आधीचा एक आराखडा बाजूला ठेवावा लागला. अखेर ऑगस्ट २०२३च्या १.२८ आवृत्तीत ती प्रायोगिक रूपात आली, १.२९पासून आपोआप चालू झाली आणि एप्रिल २०२५च्या १.३३मध्ये स्थिर म्हणून जाहीर झाली.

करायचे फार थोडे आहे. मदतनीसाला नेहमीच्या कंटेनरच्या यादीतून काढून इनिट कंटेनरच्या यादीत घालायचे आणि त्याच्यावर ‘रीस्टार्टपॉलिसी : ऑलवेज’ लिहायचे. एवढ्याने तो मुख्य कंटेनरच्या आधी सुरू होतो, मधेच पडला तर पुन्हा उठतो आणि मुख्य कंटेनर थांबल्यावरच त्याला थांबवले जाते. मदतनीस एकापेक्षा जास्त असतील तर ज्या क्रमाने आले त्याच्या उलट क्रमाने जातात. जॉबमध्ये मुख्य काम संपले की कुबरनेटिस मदतनीसाला स्वतःच निरोप देते. दूध संस्थेच्या त्या जॉबमधून आम्ही स्क्रिप्ट, फाइल आणि व्हॉल्यूम तिन्ही काढून टाकले.

तरीही दोन ठिकाणी पाय घसरतो. पहिले, ‘आधी सुरू होतो’ याचा अर्थ ‘आधी तयार होतो’ असा नाही. स्टार्टअप प्रोब नसेल तर मदतनीसाची प्रक्रिया चालू झाली एवढ्यावर पुढचा कंटेनर सोडला जातो. तोलाईदार यार्डात शिरला आहे, पण काटा अजून मांडलेला नाही, आणि पोती येऊ लागली, अशी गत. म्हणून जोडणी सांभाळणाऱ्या प्रत्येक मदतनीसाला स्टार्टअप प्रोब हवाच. दुसरे, थांबण्याची मुदत दोघांत मिळून एकच आहे. पॉडची मुदत न सांगता ३० सेकंद असते. मुख्य अॅप्लिकेशनने त्यातले २९ खाल्ले तर शेवटचे लॉग पाठवायला मदतनीसाला एक सेकंद उरतो. ही मुदत दोघांच्या कामाची बेरीज करून ठरवावी. शिवाय क्लस्टर १.२८च्या आधीचे असेल तर या वाटेला जाऊच नये : तिथे मदतनीस साधा इनिट कंटेनर समजला गेला की तो कधी संपतच नाही आणि मुख्य अॅप्लिकेशन सुरूच होत नाही.

आता तोलाईचा हिशोब. आपल्याकडची क्लस्टर लहान असतात, म्हणून हा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. इस्टिओचा प्रॉक्सी साइडकार मूळ मांडणीत प्रत्येक पॉडमागे १०० मिलिकोर आणि १२८ मेबीबाइट मेमरी मागतो. वाचताना किरकोळ वाटते. पण साठ पॉड असतील तर सहा कोर आणि साडेसात गिबीबाइट झाले. चार-चार कोरच्या तीन नोडवर संसार चालवणाऱ्या संस्थेचे निम्मे कोर अॅप्लिकेशनची एक ओळ चालण्याआधीच राखून ठेवले गेले. हा आकडा दरपत्रकात ग्राहकाला कोणी दाखवत नाही, आणि सहा महिन्यांनी ‘नोड वाढवा’ म्हणून पत्र जाते. उलट टोकाला, मदतनीसाची मागणी लिहायचीच नाही अशीही खोड आहे. शेड्युलर ती शून्य धरतो, नोडवर पॉड दाटतात आणि मेमरी संपली की भलताच कंटेनर मारला जातो.

म्हणून मदतनीस बसवण्याआधी तो लागतो का हे विचारायला हवे. अॅप्लिकेशन आपले लॉग स्टँडर्ड आउटपुटवर लिहीत असेल तर प्रत्येक पॉडमध्ये लॉग गोळा करणारा कशाला? नोडवर एक डेमनसेट पुरतो. सर्व्हिस मेशवालेही त्याच दिशेने गेले आहेत. इस्टिओची पॉडमागे प्रॉक्सी न लावणारी अँबियंट मांडणी नोव्हेंबर २०२४मध्ये १.२४ आवृत्तीत सर्वांसाठी खुली झाली. माझे मत स्पष्ट आहे : जो मदतनीस एका पॉडच्याच आयुष्याशी बांधलेला आहे, तोच त्या पॉडमध्ये असावा. बाकीच्यांची जागा नोडवर.

सांगलीच्या वालचंद आणि कराडच्या शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयातल्या अध्यापकांना एक विनंती. प्रात्यक्षिकात एका कंटेनरच्या पॉडवर थांबू नका. दोन कंटेनरचा जॉब द्या, तो अडकू द्या आणि तो का अडकला हे मुलांना शोधू द्या. वालचंदमध्ये तर विद्यार्थ्यांचा लिनक्स गट आहे. अशा सरावासाठी त्याहून चांगली जागा नाही.

आणि जे रोज क्लस्टर सांभाळतात त्यांनी हा अंक मिटण्याआधी आपल्या पॉडची यादी काढावी. जिथे १/२ आणि ‘नॉटरेडी’ दिसेल, तिथे किती दिवसांपासून हे चालू आहे तो रकाना वाचावा. काय सापडले ते आम्हाला लिहून कळवा. संस्थेचे नाव न देता ते छापण्यासाठी पुढच्या अंकात दोन पाने राखून ठेवली आहेत.