लाकडाचे मशीन घेण्याआधी



बुद्धपौर्णिमा झाली की आमच्या महाड-पोलादपूरकडच्या वाड्यांत एकच घाई सुरू होते. पावसाला महिनाच राहिलेला असतो. कौले चाळायची, मसाला कुटायचा आणि पडवीत जळण रचायचे. एकदा पावसाने धरले की चार महिने वाळके लाकूड नजरेला पडत नाही. गॅस आता बहुतेक घरांत आला. २०१६ पासून उज्ज्वला योजनेतूनही पुष्कळ भगिनींना जोडणी मिळाली. पण आंघोळीचे पाणी, भाकरी आणि कार्याच्या दिवशीचा मोठा टोप अजून चुलीवरच चढतो. त्यामुळे जळणाचा प्रश्न काही सुटलेला नाही.

या दिवसांत आमच्याकडे एक चौकशी हटकून येते. "लाकूड कापायचे मशीन घ्यावे म्हणतो, कोणते घेऊ?" कुणी त्याला कटर म्हणतो, कुणी चेन सॉ. मुंबईला असलेला मुलगा सुटीत येतो, आईचे हाल पाहतो आणि मशीन पाठवायचे ठरवतो. भावना चांगली आहे. पण निवड चुकली तर काय होते, ते आम्ही आमच्याच घरात पाहिले आहे.

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले. आत आमच्याकडेही वाऱ्याने झाडे लोळवली. अंगणात, वाटेवर लाकूडच लाकूड. आमच्या पुतण्याने हौसेने मशीन आणले, तेही बावीस इंची पात्याचे. आम्ही म्हटले, "अरे, एवढे मोठे कशाला?" तो म्हणाला, "काका, एकदाच खर्च. मोठे घेतले की सगळेच कापता येते." तिसऱ्याच दिवशी वाकून अडकलेली फांदी कापताना पात्याचे टोक दुसऱ्या लाकडाला लागले, मशीनने उसळी घेतली आणि चेन गुडघ्याच्या वर बसली. पाय वाचला. पण चार महिने तो घरी बसून राहिला आणि ठेकेदारीतले काम सुटले ते सुटलेच. मशीनची किंमत त्यापुढे काहीच नव्हती.

म्हणून आमचे पहिले सांगणे असे, की मशीन लाकडाच्या मानाने आणि धरणाऱ्या हाताच्या मानाने घ्यावे. घरचे जळण म्हणजे बहुतेक वीतभर जाडीचे लाकूड. त्याला चौदा ते सोळा इंची पाते आणि तीस-पस्तीस सीसीचे इंजिन पुरते. असे मशीन चार-पाच किलोचे असते. अठ्ठावन्न सीसीचे बावीस इंची मशीन पेट्रोल-तेलासह सात किलोच्या आसपास जाते. तासभर वाकून काम केल्यावर हाच फरक हाताला जाणवतो. थकलेल्या हाताला उसळी आवरत नाही.

दुकानात गेल्यावर रंग आणि डिस्काउंट पाहण्याआधी चार गोष्टी पाहाव्या. पुढच्या हँडलसमोर ढालीसारखा चेन ब्रेक आहे का? तो हाताने ढकलून पाहावा. मशीन उसळले की हाच ब्रेक चेन थांबवतो. दुसरे, रेसच्या खटक्याला वेगळे लॉक आहे का? ते दाबल्याशिवाय रेस वाढता कामा नये. तिसरे, चेन तुटली तर तिला अडवणारा खुंटा खालच्या बाजूला आहे का? चौथे, चेन, पाते आणि प्लग यांचे सुटे भाग महाडात मिळतात का, आणि दुरुस्ती कोण करतो? नावाजलेल्या कंपनीचे छोटे मशीन वीस हजारांच्या पुढे जाते. बिननावाचे मोठे मशीन त्याच्या निम्म्याहूनही कमी किमतीत मिळते. पण सुटा भाग मिळाला नाही तर ते स्वस्त मशीन माळ्यावर पडून राहते.

विजेवर चालणारे मशीन घ्यावे का, असेही विचारतात. लाकूड अंगणात आणून कापायचे असेल तर ते चांगले. पेट्रोल नाही, धूर नाही, आवाजही कमी. पण ते दोन हजार वॅटच्या आसपास वीज ओढते. त्याला मोठा पंधरा-सोळा अँपिअरचा प्लग आणि जाड वायर लागते. टेबल फॅनची बारीक वायर जोडून ते चालवू नये, वायर तापते. पावसात तर हातच लावू नये. बॅटरीवरची लहान मशीने फांद्या छाटण्यापुरती ठीक आहेत. वर्षाचे जळण त्यावर निघत नाही.

पेट्रोलच्या मशीनला पेट्रोलमध्ये टू-टी तेल मिसळावे लागते, जुन्या लुनाला घालायचे तसे. मशीनच्या पुस्तकात पन्नासास एक असे प्रमाण असेल तर एक लिटरला २० मिली, पंचवीसास एक असेल तर ४० मिली. अंदाजाने ओतू नये. तेल कमी पडले की इंजिन जाम होते. आजच्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि ते हवेतले पाणी ओढते. आपल्याकडच्या पावसात मिसळलेले पेट्रोल टाकीत ठेवून दिले तर दसऱ्याला मशीन चालू होत नाही. म्हणून लागेल तेवढेच मिसळावे आणि काम संपले की टाकी रिकामी करून मशीन आपोआप बंद पडेपर्यंत चालवावे. चेनच्या तेलाची टाकी वेगळी असते. पेट्रोल भरले की तेही भरावे.

चेनची धार भुशावरून कळते. जाड कीस पडत असेल तर धार ठीक. पीठ पडू लागले की समजावे, गोल कानस मारण्याची वेळ आली. बोथट चेनला माणूस जोर लावतो आणि अपघात तिथेच होतो. चेन पात्याखाली लोंबू नये, पण मशीन बंद असताना हातमोजा घालून ओढली तर फिरली पाहिजे.

आता अंगावरच्या साधनांचे. मशीनच्या पैशांतच बूट, डोळ्यांवर जाळी असलेले हेल्मेट, कानांवरची टोपणे आणि पायांवर बांधायचे संरक्षक कापड धरावे. लुंगी, चप्पल, लोंबता गमछा चालणार नाही. पात्याच्या टोकाने कापू नये. खांद्याच्या वर मशीन नेऊ नये. शिडीवर किंवा झाडावर चढून चालवू नये. एकट्याने काम करू नये. आणि घोटभर घेतलेल्या माणसाच्या हातात मशीन तर मुळीच देऊ नये. जखम झालीच तर हळद, चहापूड, तंबाखू काही भरू नका. स्वच्छ कापड घट्ट दाबून धरा आणि १०८ ला फोन करा. पोलादपूरच्या वरच्या वाड्यांत गाडी पोहोचायला वेळ लागतो. तेवढा वेळ दाब सोडू नये.

कायद्याचेही ध्यानात ठेवावे. मशीन आपले आणि बांध आपला, म्हणून वाटेल ते झाड पाडता येत नाही. १९६४ च्या महाराष्ट्राच्या वृक्षतोड नियमन कायद्यात साग, खैर, ऐन, किंजळ, आंबा, फणस, जांभूळ, चिंच ही झाडे आहेत. त्यांना परवानगी लागते. आधी वनविभागाच्या कार्यालयात विचारावे. राखीव वनात तर मशीन घेऊन जाऊच नये. आणि घराच्या वरच्या उतारावरचे झाड जळणासाठी पाडू नये. जुलै २००५ मध्ये दासगाव, जुई, रोहण, कोंडिवते आणि २२ जुलै २०२१ ला तळिये, केवनाळे, साखर सुतारवाडी इथे दरड कोसळून काय झाले, ते आपण पाहिले आहे. दरडीची कारणे अनेक असतात, पण माती धरून ठेवणारी मुळे आपल्या हाताने का काढावी?

मशीन आले की हाकाही येतात. "जरा ये रे, एवढे झाड तोडून दे." एके काळी गावकीची लाकडे आणण्या-फोडण्याचे काम आपल्या वाडवडिलांच्या माथी बिनमोल मारलेले होते. १९५८ च्या कायद्याने ती वतने गेली. आता हे कसबाचे आणि जोखमीचे काम आहे. तासाचा दर आणि पेट्रोल वेगळे, हे आधीच बोलून घ्यावे आणि मगच जावे. त्यात संकोच कसला?

शेवटी आमच्या वहिनींनी विचारलेला प्रश्न तुमच्यापुढे ठेवतो. पुतण्या बरा झाल्यावर पुन्हा मशीनचा विषय निघाला, तेव्हा त्या म्हणाल्या, "ओंडके तुम्ही कापाल. ते फोडणार कोण? डोक्यावरून आणणार कोण? धूर खाणार कोण?" आम्ही गप्प झालो. खरेच आहे. मशीन लाकूड आडवे कापते, एवढेच. मोळी बाईच्याच डोक्यावर येते आणि कुऱ्हाडीचे काम उरतेच. चांगल्या मशीनच्या पैशांत वीसच्या वर सिलिंडर येतात, हा हिशेब आम्ही तोवर केलाच नव्हता.

मग आमच्या वाडीत असे ठरले. पाच घरांनी मिळून एकच सोळा इंची मशीन घेतले. ते दोघांनीच चालवायचे, दुकानदाराकडून नीट शिकून. पेट्रोल-तेलाचा हिशेब वहीत. कापलेले लाकूड उतारावरून खाली आणायचे काम पुरुषांचे. लाकूड फाल्गुनातच कापून उन्हात रचायचे, म्हणजे धूर कमी. आणि प्रत्येक घराचे जे पैसे वाचले, त्यातून पावसाळ्यातले दोन सिलिंडर आधीच बाजूला ठेवायचे.

पुतण्याच त्या दोघांपैकी एक आहे. आता तो बूट घातल्याशिवाय मशीनला हात लावत नाही, आणि कुणी मोठ्या पात्याची गोष्ट काढली की काही न बोलता पँट गुडघ्याच्या वर सरकवून दाखवतो.

तुमच्या घरी मशीनचा विषय निघाला असेल, तर चुलीपुढे बसणारीला आधी विचारा. दुकानात नंतर जा.

जयभीम.